गॅस लागतो तेव्हा गावात काय काय हलतं

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीला लागून, ब्रॅडफर्ड आणि सस्क्वेहाना या दोन काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे, आहेत. टेकड्यांचा मुलूख, अधूनमधून गवताची रानं, गायींचे गोठे, निळसर फरशीच्या लहान लहान खाणी. दुधाचा धंदा कधी परवडायचा, कधी नाही. पोरं शिकून बाहेर पडायची आणि मागे राहिलेली माणसं कर्ज फेडत गोठा चालवायची. या मुलखाखाली दीड-दोन किलोमीटरवर मार्सेलस शेल नावाचा काळा खडक पसरला आहे, सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या गाळाचा. त्यात वायू आहे हे भूगर्भशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. तो काढणं परवडेल असं मात्र कुणाला वाटत नव्हतं.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन काउंटीत, 2003 साली रेंझ नावाची एक विहीर खोदली गेली. ज्या खोल थरासाठी खोदली तिथे निराशाच झाली. मग 2004 मध्ये टेक्सासच्या बार्नेट शेलमधली फ्रॅकिंगची पद्धत वरच्या मार्सेलसवर करून पाहिली: पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत सोडायची, खडकाला बारीक भेगा पाडायच्या, वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. वायू आला. जानेवारी 2008 मध्ये टेरी एंगेल्डर आणि गॅरी लॅश या दोन प्राध्यापकांनी अंदाज जाहीर केला की या थरातून सुमारे 50 लाख कोटी घनफूट वायू काढता येईल. त्याच उन्हाळ्यात वायूचा भाव दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचं एकक) 13 डॉलरच्या आसपास पोचला. एवढ्यावर तो सगळा मुलूख हलला.

गावात रिगच्या, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्राच्या, आधी आला तो कागद. अमेरिकेत जमिनीच्या मालकाकडे खालच्या खनिजाचाही हक्क असतो आणि तो जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो, राखून ठेवता येतो, वाटणीत देता येतो. आपल्याकडे जमिनीखालचा तेल-वायू सरकारचा, त्यामुळे हे नवल वाटेल. पण तिथल्या गावांत पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे. आजोबांनी शेत विकताना खालचा हक्क स्वतःकडे ठेवला असेल, तर आज त्या शेतावर राबणाऱ्याला छदामही मिळत नाही आणि त्याच्या रानातून रस्ता काढायला त्याची परवानगीही लागत नाही. त्यातही बारकावे आहेत. जुन्या दस्तात नुसतं ‘खनिजं’ राखून ठेवली असं लिहिलं असेल, तर पेनसिल्व्हेनियात त्यात तेल आणि वायू धरले जात नाहीत. हा 1882 सालचा न्यायालयाचा दंडक आहे आणि 2013 मध्ये शेलच्या वायूसाठीही तोच कायम झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर कुणाचं घरदार सुधारलं, कुणाचं नाही. कंपन्यांचे एजंट, ज्यांना तिथे लँडमन म्हणतात, काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात दिवसदिवस जुनी पुस्तकं चाळत बसायचे ते यासाठीच.

सुरुवातीला ज्यांनी लीजवर, म्हणजे कंपनीला वायू काढू देण्याच्या करारावर, सह्या केल्या त्यांना डिमॉक टाउनशिपमध्ये (टाउनशिप म्हणजे काउंटीखालची गावपातळीची स्थानिक संस्था) एकराला 25 डॉलरच्या आसपास बोनस मिळाला. दोन-तीन वर्षांत हाच आकडा काही ठिकाणी 5,000 डॉलरच्या वर गेला. शंभर एकरांच्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाला अडीच हजार आणि दुसऱ्याला पाच लाख डॉलर. जमीन तीच, खडक तोच, फरक फक्त सही केल्याच्या तारखेचा. पाण्याच्या तक्रारींपेक्षाही गावातला जुना सलोखा याच फरकाने जास्त विस्कटला असं मला वाटतं. पुढे शेतकऱ्यांनी गट करून हजारो एकर एकत्र वाटाघाटीला काढले, वकील नेमला आणि चांगल्या अटी मिळवल्या. तोवर आधीच्यांचे कागद बांधले गेले होते.

बोनस एकदाच मिळतो. खरा जीव लीजच्या कलमांत असतो आणि तीच कलमं सहसा वाचली जात नाहीत. मुदत बहुधा पाच वर्षांची. पण त्या मुदतीत विहिरीतून उत्पादन सुरू झालं की वायू निघत राहील तोवर लीज चालू राहतं. ते 30 वर्षंही चालू शकतं. शंभर एकरांपैकी दहाच एकर एखाद्या उत्पादन युनिटमध्ये, म्हणजे विहिरींसाठी एकत्र केलेल्या जमिनींच्या गटात, घेतले, तरी उरलेले नव्वद अडकून पडतात. ते सुटावेत म्हणून ‘प्यू कलम’ घालावं लागतं: मुदत संपली की युनिटबाहेरची जमीन मोकळी. छापील नमुन्यात हे कलम नसतं, मागून घ्यावं लागतं. दुसरं, विहीर बंद ठेवल्याच्या काळातलं भाडं. भाव पडला म्हणून कंपनीने व्हॉल्व्ह बंद केला, तरी वर्षाला थोडीशी रक्कम देऊन ती लीज जिवंत ठेवू शकते. हे किती वर्षं चालेल याची मर्यादा लिहून घ्यायला हवी. तिसरं, जमिनीचा वापर. विहिरींचा चौथरा, म्हणजे पॅड, कुठे बसणार, रस्ता कुठून जाणार, कॉम्प्रेसर आणि पाण्याचे तलाव करता येणार की नाही, हे न लिहिलेलं सगळं कंपनीच्या सोयीने होतं.

चौथी आणि सर्वांत महागात पडलेली गोष्ट म्हणजे रॉयल्टीतली, म्हणजे निघालेल्या वायूच्या पैशातल्या मालकाच्या वाट्यातली, कपात. पेनसिल्व्हेनियाच्या 1979 च्या कायद्याने जमीनमालकाला किमान एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के रॉयल्टी द्यावीच लागते. पण साडेबारा टक्के कशाचे? विहिरीच्या तोंडाशी वायूची जी किंमत तिचे, की बाजारात विकल्यावर येते तिचे? 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वायू गोळा करणं, त्यातलं पाणी काढणं, दाब वाढवणं आणि वाहून नेणं हा खर्च आधी वजा करून मग रॉयल्टी मोजली तरी कायदा मोडत नाही.

याचा हिशेब एकदा मांडून बघायला हवा. समजा 640 एकरांच्या युनिटमध्ये एका कुटुंबाचे 80 एकर आहेत. 80 भागिले 640, गुणिले 0.125, म्हणजे 0.015625. रॉयल्टीच्या चेकसोबत येणाऱ्या पावतीवर हाच दशांश छापलेला असतो आणि तो आपल्या एकरांशी जुळतो का हे पहिल्याच महिन्यात तपासायचं असतं. आता त्या युनिटमधून महिन्याला दीड लाख ‘एमसीएफ’ वायू निघाला (एक एमसीएफ म्हणजे हजार घनफूट) आणि भाव अडीच डॉलर मिळाला, तर कपात नसताना कुटुंबाचा वाटा सुमारे 5,859 डॉलर. एमसीएफमागे 80 सेंट कापले तर तो 3,984 वर येतो. शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात अर्ध्याहून खाली घसरतं. समजा काही वर्षांनी उत्पादन 50,000 एमसीएफ उरलं आणि भाव दीड डॉलर झाला. कपात तीच 80 सेंट. आता हाती येतात 547 डॉलर. भाव 40 टक्क्यांनी पडला, उत्पादन दोन तृतीयांशाने, आणि मिळकत मात्र 3,984 वरून सुमारे 86 टक्क्यांनी, कारण कपात भावाबरोबर खाली येत नाही. पहिला चेक बघून ट्रॅक्टर, पिकअप किंवा घर हप्त्यावर घेणाऱ्यांचं गणित इथे चुकलं. वर्षभराचे चेक जमा होऊ द्यावेत, त्यातला आयकराचा हिस्सा आधीच बाजूला काढावा आणि उरलेल्यातून पहिल्यांदा जुनं कर्ज फेडावं, हा सल्ला तिथले कृषी विस्तार कार्यकर्ते सुरुवातीपासून देत होते. तो योग्यच होता.

कागद झाला की मग ट्रक. पॅडसाठी तीन ते पाच एकर सपाट करून खडी पसरतात. एकाच पॅडवरून सहा-आठ विहिरी खाली जातात आणि खोलीवर पोचून दीड-दोन किलोमीटर आडव्या वळतात. सुरुवातीच्या वर्षांत एका विहिरीचं फ्रॅकिंग करायला दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागे. ट्रकच्या एका टाकीत सुमारे 16,000 लिटर मावतात, म्हणजे नुसत्या पाण्याच्याच हजारभर खेपा. वाळू, पाइप, सिमेंट आणि रिगचे सुटे भाग वेगळे. आणि हे सगळं टाउनशिपच्या दुधाच्या गाड्यांसाठी बांधलेल्या रस्त्यांवरून, ज्यांवर डांबर फवारून वर बारीक खडी दाबलेली असते. आसाचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. त्यात सगळ्यांत वाईट काळ मार्च-एप्रिलचा. हिवाळ्यात गोठलेली जमीन वरून खाली वितळत येते. वरचा थर चिखल झालेला आणि खालचा अजून बर्फ, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही. अशा रस्त्यावरून भरलेले टँकर दिवसभर गेले की संध्याकाळी तिथे दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये उंच वरंबा उरतो. शाळेच्या बसला वळसा, रुग्णवाहिकेलाही वळसा.

टाउनशिपच्या हातात कायद्याचं एक साधन होतं: रस्त्यावर वजनाची मर्यादा लावायची, ती ओलांडणाऱ्याशी जादा देखभालीचा करार करायचा आणि हमी म्हणून बाँड घ्यायचा. पण डांबरी रस्त्यासाठी बाँडची रक्कम मैलाला 12,500 डॉलर, ती 1978 मध्ये ठरलेली. एवढ्यात रस्त्याचा एखादा कोपराही नव्याने होत नाही. त्याहून महत्त्वाचं काम होतं ते ट्रक यायच्या आधी रस्त्याची पाहणी करून घेण्याचं: दर काही मीटरवर फोटो, भेगांची नोंद, मोऱ्यांची अवस्था. नोंद असलेल्या टाउनशिपना कंपन्यांनी रस्ते आधीपेक्षा चांगले बांधून दिले, हे मान्य करायलाच हवं. काही गावांतले आजचे मजबूत रस्ते त्याच करारांतून झालेले आहेत. नोंद नसलेल्या टाउनशिपना मात्र खड्डा आधीचा की नंतरचा यावर वाद घालत बसावं लागलं.

घरभाड्याचं कुणी आधी मनावर घेतलं नव्हतं. टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियानातून आलेल्या कामगारांना राहायला जागा हवी होती आणि त्यांचं भाडं कंपनी भरत होती. टोवांडासारख्या काही हजार वस्तीच्या गावात भाड्याची घरं मुळातच मोजकी. भाडी दुपटी-तिपटीने वाढली. ज्याचं घर होतं त्याची चांदी झाली. जो भाड्याने राहत होता, म्हणजे दुकानातली बाई, शाळेचा शिपाई, पेन्शनवरची विधवा, त्याच्याकडे ना एकर होते ना रॉयल्टी. सप्टेंबर 2011 मध्ये उष्णकटिबंधीय वादळ ‘ली’चा पूर आला, सस्क्वेहाना नदीकाठची घरं गेली आणि बेघर झालेल्यांना जिल्ह्यात कुठे जागाच उरली नव्हती. गॅसच्या चर्चेत या माणसांचं नाव फार कमी निघतं.

पाण्याबद्दल इतकं बोललं गेलं आहे की नेमकं काय बिघडतं तेच बाजूला पडतं. दोन किलोमीटर खालच्या भेगा वर चढून पिण्याच्या पाण्यापर्यंत येतात, असं सहसा होत नाही. बिघाड होतो तो विहिरीच्या वरच्या भागात. विहिरीत एकात एक पोलादी नळ्या बसवतात: सर्वांत बाहेर साधारण 20 इंचांची, मग 13⅜, मग 9⅝, आणि शेवटी वायू आणणारी 5½ इंचांची. प्रत्येक नळीच्या बाहेरच्या पोकळीत सिमेंट दाबून भरतात. पिण्याच्या पाण्याचा जो सर्वांत खोल थर, त्याच्या निदान 50 फूट खालपर्यंत एक नळी सिमेंटसह जायलाच हवी. नळी भोकाच्या मधोमध राहावी म्हणून तिला ठरावीक अंतराने धातूचे पट्टे बांधतात. पट्टे कमी पडले तर नळी एका बाजूला टेकते, त्या बाजूला खोदाईचा चिखल अडकून राहतो, सिमेंट तिथे पोचत नाही आणि एक उभी वाट तयार होते. मधल्या, कमी खोल थरांतही वायूचे छोटे साठे असतात. मार्सेलसपर्यंत जाताना विहीर त्यांना भोक पाडते आणि त्यांतला मिथेन या वाटेने वर येतो, पाण्याच्या थरात शिरतो, तिथून शेजारच्या घराच्या विहिरीत.

घरात त्याची खूण अशी: नळाचं पाणी दुधाळ दिसतं आणि पेल्यात खालून वर स्वच्छ होत जातं, नळ थुंकल्यासारखा फुरफुरतो, पंप हवा पकडून बंद पडतो. वातावरणाच्या दाबाखाली पाण्यात लिटरला सुमारे 28 मिलिग्रॅमच मिथेन राहू शकतो, त्यापुढचा बाहेर पडतो. बंद खोलीच्या हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान गेलं की ठिणगी पुरे. डिमॉकमध्ये 1 जानेवारी 2009 रोजी एका घराच्या पाण्याच्या विहिरीचं काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं. पुढे राज्याने तिथल्या सुमारे नऊ चौरस मैलांत नव्या विहिरी खोदायला बंदी घातली. तिथे वायू काढणाऱ्या कंपनीवरचा फौजदारी खटला नोव्हेंबर 2022 मध्ये निकालात निघाला आणि सार्वजनिक पाइपलाइनने पाणी आणण्याचा खर्च कंपनीवर आला. स्फोटापासून तोवरची जवळजवळ 14 वर्षं त्या घरांनी टँकर, बाटल्या आणि फिल्टर यांवर काढली.

अडचण अशी की त्या मुलखात काही विहिरींत मिथेन आधीपासूनच असतो. म्हणून खोदाईच्या आधीची तपासणी हाच एक भक्कम पुरावा. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः नमुना घेऊन केलेली हवी. घरच्याने बाटली भरून नेली तर न्यायालयात तिला किंमत नाही. मिथेनबरोबर इथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्राँशियम, लोह, मँगनीज आणि एकूण विरघळलेले क्षार पाहायचे. इथेन महत्त्वाचा, कारण दलदलीत कुजून तयार होणाऱ्या मिथेनबरोबर तो जवळजवळ नसतो, खोल खडकातल्या वायूबरोबर असतो. 2012 च्या कायद्यानुसार विहिरीपासून 2,500 फुटांच्या आत आणि काम झाल्यापासून 12 महिन्यांत पाणी बिघडलं तर कंपनीच जबाबदार मानली जाते, तिने उलट सिद्ध करेपर्यंत. आणि ते सिद्ध करायला कंपनीकडे सहसा खोदाईआधीचा स्वतःचा अहवाल असतो. म्हणून कंपनीने तपासणी करून दिली तरी त्याची प्रत मागून घ्यावी आणि शक्य असेल तर आपली वेगळी करावी. जिथे लोक खाजगी विहिरीवर अवलंबून आहेत तिथे गॅसच्या विहिरीजवळची घरं स्वस्तात जातात आणि नळयोजनेवरच्या घरांना तसा फटका बसत नाही, हे 2015 मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. पाणी खरंच बिघडलं असो वा नसो, गिऱ्हाईक भीती धरून भाव पाडतं. आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, राज्यातल्या दहा लाखांहून अधिक जन्मनोंदींच्या अभ्यासात विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची बाळं कमी वजनाची जन्मण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हे वाचल्यानंतर घरापासूनच्या अंतराचा मुद्दा वाटाघाटीत शेवटी ठेवण्यासारखा राहत नाही.

वर आलेल्या पाण्याचं काय? आत गेलेल्यापैकी थोडाच भाग परत येतो, पण तो समुद्राहून कितीतरी खारट, बेरियम आणि रेडियम घेऊन. सुरुवातीला ते गावोगावच्या सांडपाणी केंद्रांतून नद्यांत जात होतं. क्षार काढायची सोय त्या केंद्रांत नव्हतीच. एप्रिल 2011 मध्ये राज्याने सांगितल्यावर कंपन्यांनी ते मे महिन्यात थांबवलं आणि तेच पाणी पुढच्या विहिरीत वापरायला लागल्या. काही ओहायोत खोल विहिरींत सोडलं गेलं. 31 डिसेंबर 2011 रोजी यंग्सटाउनजवळ 4.0 तीव्रतेचा भूकंप झाला तो अशाच एका विहिरीमुळे.

या सगळ्यातून सरकारी तिजोरीत काय आलं? गॅस काढणाऱ्या बहुतेक राज्यांत उत्पादनावर कर असतो. पेनसिल्व्हेनियाने तो लावला नाही. 2012 मध्ये विहिरीमागे वार्षिक ‘इम्पॅक्ट फी’ लावली, पहिल्या वर्षी सर्वांत जास्त आणि पुढे कमी होत जाणारी. तिचा मोठा हिस्सा काउंट्या आणि टाउनशिपना मिळतो. रस्ते, पूल, अग्निशमन गाड्या, मीठ पसरायचे ट्रक त्यातून आले. शाळांचं मात्र कोरडंच राहिलं. तिथल्या शाळा मालमत्ता करावर चालतात आणि जमिनीखालच्या तेल-वायूवर मालमत्ता कर लावता येत नाही असा 2002 चा न्यायालयाचा निर्णय आहे. गावाखालून अब्जावधींचा वायू जातो आणि शाळेचा अंदाजपत्रकी खड्डा तसाच राहतो, हे मला या व्यवस्थेतलं सर्वांत मोठं अन्यायाचं कलम वाटतं. त्याच 2012 च्या कायद्याने विहिरी कुठे असाव्यात हे ठरवायचा टाउनशिपचा अधिकारही काढून घेतला होता. तो डिसेंबर 2013 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परत मिळवून दिला.

2012 च्या वसंतात भाव दोन डॉलरच्या खाली गेला. रिग ओहायोकडे आणि टेक्सासकडे गेल्या, हॉटेलं रिकामी झाली, भाडी उतरली. काहींनी कामगारांसाठी कर्ज काढून बांधलेल्या खोल्या तशाच राहिल्या. उत्पादन मात्र थांबलं नाही. पेनसिल्व्हेनिया आज टेक्सासखालोखाल सर्वांत जास्त वायू काढणारं राज्य आहे. विहीर खोदायला शेकडो माणसं लागतात, चालवायला एक माणूस पिकअपमधून फेरी मारतो, मीटर वाचतो, टाकीची पातळी बघतो. नोकऱ्यांचा आणि वायूचा आलेख एकमेकांपासून सुटतो तो इथे. हद्दीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तोच खडक आहे, पण डिसेंबर 2014 मध्ये राज्याने फ्रॅकिंगला बंदीच जाहीर केली. तिथल्या शेतकऱ्याला ना चेक मिळाला ना चिखल. त्यातले काही आजही त्या चेकसाठी हळहळतात. पुष्कळशा गोठ्यांची अवस्था दोन्हीकडे सारखीच आहे: हद्दीच्या अलीकडे काहींनी पैसा आला म्हणून गायी विकल्या, पलीकडे पैसा नाही म्हणून.

आता जे पॅड उभे आहेत त्यांचं पुढे काय होणार, हे बघण्याची हीच वेळ आहे. खोदाई झाल्यावर नऊ महिन्यांत नको असलेली जागा पूर्ववत करायची असं राज्याचा कायदा सांगतो, पण मुदतवाढ मिळते आणि त्याच पॅडवर आणखी विहिरी घ्यायच्या असतील तर चौथरा वर्षानुवर्षं तसाच राहतो. वरची काळी माती बाजूला ढीग करून ठेवलेली असते. तिच्यावर गवत पेरलेलं नसेल तर ती पावसात वाहून जाते आणि नंतर पसरायला उरते ती मुरमाड. विहीर कायमची बंद करताना तळापासून ठरावीक ठिकाणी सिमेंटची बुचं घालावी लागतात आणि वर खूण उभी करावी लागते. हा खर्च मोठा आणि त्यासाठी कंपन्यांनी ठेवलेले बाँड अपुरे. 1859 पासून तेल काढत आलेल्या या राज्यात मालक नाहीसे झालेल्या हजारो जुन्या विहिरी सरकारच्या यादीवर आहेत, आणि यादीबाहेरच्या त्याहून कितीतरी जास्त. लीज एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं जातं तेव्हा जमीनमालकाला बहुधा नुसतं पत्र येतं. त्या पत्राची तारीख, नव्या कंपनीचा पत्ता, विहिरीचा परवाना क्रमांक, पाण्याचे जुने अहवाल आणि पहिल्या चेकपासूनच्या पावत्या एका जागी ठेवलेल्या असल्या, तर 20 वर्षांनी पॅडवरच्या गंजलेल्या टाकीबद्दल कुणाला लिहायचं हे पुढच्या पिढीला निदान कळेल.